मॉरिस आणि तुझ्या दोन अटी

प्रतापनगर, नागपूर
१९ मे २०२५

सुमती,

फोनवर तुम्ही ओरडता, तेव्हा जे सांगायचं ते लिहून पाठवा, लिहिताना माणूस ओरडत नाही, असा निरोप तू मुग्धाकडून पाठवलास. तुझ्या बहिणीने तो जसाच्या तसा पोहोचवला, वर "भाऊजी, तिचं बरोबरच आहे" हे पदरचं जोडलं. तर कळवतो की हे साफ चूक आहे. मी हे पत्र ओरडतच लिहितो आहे. प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणतो आणि मग कागदावर उतरवतो. शेजारच्या प्रेमिलाबाई दोनदा कुंपणावरून डोकावून गेल्या.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचे असतात. सध्या तू ते घेशील असं वाटत नाही, म्हणून राखून ठेवले आहेत.

तू अमरावतीला निघून का गेलीस हे मुग्धाला तू तुझ्या पद्धतीने सांगितलंच असशील. आता माझी बाजू ऐक. मॉरिस पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती तुझ्यासाठी. तुझ्या मैत्रिणीच्या मुलीचं रिसेप्शन, तू पैठणी नेसलेली, म्हटलं आज बाई जुन्या विलायती मोटारीतून उतरेल तर शोभा येईल. तुझ्या पायाखालचा पत्रा गंजून गेला आहे हे मला माहीत होतं, म्हणून तर मी त्यावर प्लायवूड टाकलं होतं. ते सरकलं आणि तुझी एक चप्पल खालून रस्त्यावर गेली, यात माझा काय दोष? कळमन्याच्या त्या अडत्याच्या गोदामात ती गाडी कित्येक वर्षं तुरीच्या पोत्यांखाली पडून होती. इंग्लंडात बनलेली असली तरी लोखंडच आहे, सडणारच.

आणि तो खरबुजांचा ठेला. तू म्हणतेस ठेला रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मी जाऊन धडकलो. मी म्हणतो तो डावीकडून एकदम अंगावर आला. खरबुजं रस्त्यावर घरंगळली, माणसं गोळा झाली, तू भर चौकात सगळ्यांसमोर म्हणालीस, "आधी तुम्ही डोळे दाखवून घ्या नं." मग मी ओरडलो. कोणता नवरा ओरडला नसता ते सांग.

घरी आल्यावर तू बॅग भरताना दोन अटी घातल्यास. एक, ही गाडी रोजच्या वापराची करून दाखवतो म्हणता ना, तर तिच्यातून स्वतः अमरावतीला न्यायला या, तरच येईन. दोन, यायच्या आधी डोळे दाखवून या.

पहिली अट मंजूर आहे. चाळीस वर्षं सिंचन खात्यात धरणांचे नकाशे काढले, एक मोटार उभी करणं मला अवघड नाही. दुसरीचं मागून बघू. डोळ्यांना काही झालेलं नाही.

तुझ्या तुळशीला पाणी घालतो आहे.

गिरिधर


प्रतापनगर
२२ जून २०२५

सुमती,

माझ्या चार पानी पत्राला तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच शब्द आहे, "डोळे?" पोस्टाचं एवढं मोठं खातं, एवढी माणसं, त्या कार्डाला अमरावतीहून उचलून इथवर आणतात, ते एका शब्दासाठी. निदान 'उन्हात फिरू नका' तरी लिहायचं होतंस.

मी डोळ्यांबद्दल लिहिणार नाही. मी प्रेमानंदबद्दल लिहिणार आहे, कारण सध्या माझं आयुष्य त्याच्या हातात आहे.

प्रेमानंद मिस्त्री म्हणजे मानेवाड्याकडचा तो, ज्याच्या गॅरेजमध्ये कोणतीही गाडी वेळेवर तयार झाल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पण जुन्या गाड्यांना हात लावणारा दुसरा कोणी भेटला नाही. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली वाकून बॅटरी मारली आणि हसायला लागला. "काका, हे गाडी नाही राहिली आता. हे चाकावरची चाळणी हाय." मी विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, "तुमी टेन्शन काहून घेऊन राहिले? उद्या होऊन जाते."

तो उद्या अजून आलेला नाही. आधी त्याच्या साळीचं लग्न होतं. मग वेल्डिंगवाला गावाला गेला. वेल्डिंगवाला आला तर लाईट गेली. लाईट आली तर प्रेमानंदच नाही. मी रोज सकाळी जाऊन त्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो, तेव्हा कुठे खालचा सगळा पत्रा कापून नवा बसला. दारांच्या खालच्या कडांतून लाल भुगा निघाला, दोन घमेली भरून. आता तुझी चप्पल कुठेही जाणार नाही. मी उभा राहून, उड्या मारून पाहिलं. प्रेमानंद म्हणाला, "काका, आता पुन्हा तोडता का?"

मग इंजिन. त्याचं म्हणणं, हे जुनं इंजिन काढून टाकू आणि ओम्नीचं बसवू. "सेल्फ मारला का सुरू. रोज चालवा, काटोलले जा, कळमन्याले जा, कोणी अडवत नाही." मी म्हटलं, अरे, मॉरिसमध्ये ओम्नीचं इंजिन टाकायचं, तर मग मी ओम्नीच का घेऊ नये? तो म्हणाला, "तेच तर कवाचा म्हणून राहिलो." तिथे मी पुन्हा ओरडलो. इंजिन मूळचंच राहिलं. फक्त उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, म्हणून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं. फडकं म्हणून तुझा तो निळा टॉवेल घेतला. विटलेलाच होता.

ऋषीचा बंगळुरूहून फोन आला होता. त्याचा सल्ला असा, "बाबा, सरळ कॅब करा आणि आईला घेऊन या." आपल्या मुलाला मी तुझ्या अटी समजावून सांगितल्या. तो म्हणाला की तुम्ही दोघंही कमाल आहात. त्याने हे कौतुकाने म्हटलं असं मी धरून चाललो आहे.

जेवणाचा डबा लावला आहे. भाजीत तेल फार असतं.

गिरिधर


प्रतापनगर
२७ जुलै २०२५

सुमती,

दुसरं पोस्टकार्ड मिळालं. या वेळी तू प्रगती केलीस, दोन शब्द लिहिलेस. "डोळे दाखवले?" उत्तर, वेळ मिळाला नाही. गाडीच्या मागे आहे.

गाडी चालते, सुमती. चालते! सकाळी दोरी ओढावी तसा इंजिन सुरू करायचा सेल्फचा गोळा ओढतो, ती दोनदा खोकते आणि मग अशी घरघर लागते की प्रेमिलाबाई रेडिओ मोठा करतात. आपल्या आवारातून माटे चौक, तिथून भाजीबाजार आणि परत, असं रोज चालू आहे. आर.टी.ओ.चं काम करणारा एजंट म्हणत होता, काका, विंटेज म्हणून नोंद करू, इज्जतीचा नंबर मिळतो. चौकशी केली तर कळलं, विंटेज झाली की ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनाला न्यायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. मी म्हटलं, मला प्रदर्शन नको, मला वांगी आणायची आहेत. साधी नोंद नवी करून घेतली. इन्स्पेक्टरने ब्रेक तपासले, भोंगा वाजवून पाहिला आणि बराच वेळ स्टिअरिंगला हात लावून नुसता बसला.

या गाडीला वळायचे दिवे नाहीत हे तुला आठवत असेल. दोन्ही दारांच्या मागच्या खांबांत एकेक छोटा दांडा आहे. बटण दाबलं की तो बाहेर येतो आणि आत दिवा लागतो. डावीकडे वळायचं तर डावा दांडा. विलायतेत हे सगळ्यांना कळत असेल. इथे माटे चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, "काका, हे गाडी कान काहून हलवून राहिली?" मी समजावून सांगितलं. त्याने ते तीनदा करून दाखवायला लावलं, मग आपल्या जोडीदाराला बोलावलं आणि त्याच्यासाठी परत करायला लावलं. मागे सिटी बस हॉर्न देते आहे आणि मी गाडीचे कान हलवतो आहे. रोजचा वापर म्हणजे हे सगळं आलं.

एक बारीकसं नुकसान झालं ते सांगून टाकतो, नाही तर प्रेमिलाबाई सांगतील. फाटकाचा डावा खांब आणि गाडीचं डावं मडगार्ड यांची गाठ पडली. दोनदा. खांब चुकीच्या जागी आहे. त्या कंत्राटदाराने फाटक बांधलं तेव्हाच मी म्हटलं होतं. त्या बाजूला आता मोठा आरसा बसवून घेतला आहे. हल्ली लोकही फार डावीकडून येतात. सायकलवाला, दूधवाला, कुत्री, सगळी डावीकडूनच. मी शिकलो तेव्हा वाहतुकीला काही शिस्त होती.

पाऊस पडला की पुढच्या काचेतून पाणी माझ्या गुडघ्यावर येतं. प्रेमानंद म्हणतो, उद्या बघू.

तू यावेळी चिवडा करून ठेवला नाहीस. म्हणजे गेल्यावर कसा करणार, ते कळतं मला. पण डबा उघडतो आणि रिकामा दिसतो, तेव्हा रागच येतो.

गिरिधर


प्रतापनगर
२५ ऑगस्ट २०२५

सुमती,

माझं बोनेट जाळलं.

थांब, नीट सांगतो, कारण नीट सांगितल्याशिवाय यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. इंजिनावरचं झाकण, बोनेट, त्याचा गंज काढायला प्रेमानंदला महिना लागला. रोज घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुट्टी भरायची, परत घासायचं. शेवटी त्याला लाल प्रायमर मारला आणि मी ते स्वतः घरी आणून आवारात भिंतीला टेकवून ठेवलं, की उन्हं आली की वाळेल. गॅरेजमध्ये ठेवलं असतं तर कोणी नेलं असतं!

परवा मारबतीची मिरवणूक होती. आपल्या वस्तीतल्या पोरांनी यंदा खड्ड्यांचा बडग्या केला होता. दरवर्षी ज्या गोष्टीचा राग येईल तिचा पुतळा करायचा, इतवारीत मिरवत न्यायचा, पोटभर शिव्या द्यायच्या आणि शेवटी पेटवून द्यायचा. यंदा राग खड्ड्यांचा. त्या खड्डेमहाराजांना मोठं पोट हवं होतं, आणि पोटासाठी पोरांना एक गोलसर पत्रा हवा होता.

मला कसं कळलं? प्रेमिलाबाई आपला मोबाईल घेऊन आल्या, "भाऊ, हे पाहा, आपल्या वस्तीचा बडग्या टीव्हीवाल्यांनी दाखवला." पाहतो तर बारा फुटी बडग्या, तोंडावर मिशा, पोटावर माझं बोनेट, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने 'मला पोटभर डांबर खाऊ घाला' असं लिहिलेलं. लोक नाचत होते. ईडा-पीडा घेऊन जा म्हणत जो तो माझ्या बोनेटवर चपला मारत होता.

मी ऑटो केला. इतवारीच्या तोंडाशी ऑटोवाल्याने उतरवून दिलं, पुढे पाऊल टाकायला जागा नाही. लाखभर माणूस, ढोल, गुलाल, आणि मी त्या गर्दीत ओरडतो आहे, "माझं बोनेट! माझं बोनेट!" लोकांना वाटलं ही पण यंदाची घोषणा आहे. माझ्या आजूबाजूचे चारपाच जण माझ्याबरोबर तेच ओरडायला लागले.

पोहोचलो तोवर राख झाली होती. राखेतून बोनेट काढलं, काळंठिक्कर, एका बाजूने वाकलेलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरांचा म्होरक्या, तो सौरव, कॉलेजात शिकवतो म्हणे आता, त्याला बोलावून विचारलं. तर काय म्हणतो, "काका, तुमाले विचारूनच तर नेलं. तुमी बाहेर खुर्चीवर पेपर वाचून राहिले होते. आमी दोघांनी उचललं, तुमच्या डाव्या बाजूनं, दोन हातांवरून गेलो. म्हटलं, काका, हे भंगार नेऊ का? तुमी हात पण हलवला."

मी माशी हाकलत होतो!

आता तूच सांग. दोन धटिंगण एवढं मोठं लाल बोनेट घेऊन माझ्या दोन हातांवरून जातात आणि मला दिसत नाही, हे शक्य आहे का? खोटं बोलतात. तसं तोंडावर सांगितलंही. सौरवने डोळे खाली घातले, आणि संध्याकाळी सगळे मिळून बोनेट उचलून प्रेमानंदकडे घेऊन गेले. ठोकून सरळ करून देतो म्हणाले आहेत.

हे वाचून तू पोस्टकार्डावर काय लिहिशील ते मला माहीत आहे. लिहू नकोस.

गिरिधर


प्रतापनगर
२४ ऑक्टोबर २०२५

सुमती,

तू खरंच लिहिलं नाहीस. पोस्टकार्ड आलंच नाही. दोन महिने मी पोस्टमनला विचारतो आहे. तो आता मला लांबूनच मान हलवून 'नाही' सांगतो. लिहू नकोस म्हटलं ते असं अक्षरशः घ्यायचं होतं का?

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला तुझ्या जागी पाटावर कोण बसणार म्हणून पाट मांडलाच नाही, उभ्याने हात जोडले. ऋषीने मिठाईचं पार्सल पाठवलं होतं, ते प्रेमिलाबाईंना देऊन टाकलं. घर खायला उठतं, सुमती. हे लिहायचं नव्हतं, पण पेनाने लिहिलं गेलं आणि आता खोडत बसत नाही.

आता कामाचं. गाडी तयार आहे. नुसती उभी आहे असं नाही, रोज चालते. बोनेट सरळ झालं, एका कोपऱ्यात थोडा पोचा राहिला आहे. हिरवा रंग मारला, तुझ्या त्या भाजीच्या पिशवीसारखा, कारण तोच डबा दुकानात होता. पुढची काच आता गळत नाही. काल कळमन्याला जाऊन संत्री आणली, डिकी भरून. अडत्याचा मुलगा गाडी ओळखेना. त्याने म्हाताऱ्याला हात धरून बाहेर आणलं, म्हातारा तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "हे तर आमच्या पोत्यांखालची हाय." फार समाधान वाटलं.

म्हणजे पहिली अट पुरी झाली. रविवारी, दोन नोव्हेंबरला, सकाळी निघून अमरावतीला येतो आहे. जेवायला पोहोचेन. मुग्धाला सांग, पिठलं-भाकरी पुरे, जावयाचा थाट नको.

आणि तुझी दुसरी अट. माझ्या लायसन्सची मुदत संपत होती. या वयात ते नवं करायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, डोळ्यांसकट सगळं ठीक आहे असा. तो दाखला माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलं आहे, दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम. खाली डॉक्टरची सही आणि शिक्का. येताना दाखवतो.

बॅग भरून ठेव. वाटेत तळेगावला चहा घेऊ.

गिरिधर


प्रतापनगर
५ नोव्हेंबर २०२५

सुमती,

रविवारी तुम्ही दोघी पिठलं झाकून वाट पाहत बसलात, आणि मी आलो नाही. मुग्धाचे फोन आले, मी उचलले नाहीत. प्रेमिलाबाईंनी तुला एवढं कळवलं असेल की मी धड आहे. बाकीचं मी सांगतो, आणि या वेळी ओरडायला अंगात जोर नाही.

सकाळी निघालो. गाडीला हार घातला होता. अमरावती रोडला लागलो तेव्हा हवा गार होती, इंजिन एकसारखं चालत होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की मी एकटाच मोठ्याने बोलत होतो. वाडीच्या पुढे डाव्या हाताला पेट्रोल पंप आहे, तिथे टाकी भरावी म्हणून वळलो. दांडा बाहेर काढला, आरशात पाहिलं, रस्ता मोकळा होता. माझ्या लेखी मोकळा होता.

तिथे एक बाई ॲक्टिव्हावर होती. माझ्या अगदी बाजूला. तिने हॉर्न दिला, ब्रेक मारला आणि ॲक्टिव्हासकट आडवी झाली. मला आधी आवाज आला आणि मग ती दिसली. तुझ्या वयाची, तुझ्यासारखंच पांढरं हेल्मेट, पायाशी मेथीच्या जुड्यांची पिशवी. एक क्षण मला वाटलं की तूच आहेस. मी गाडीतून कसा उतरलो ते मला आठवत नाही.

कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. देवाची कृपा. ती उठून उभी राहिली, हेल्मेट काढलं आणि चांगली भांडायच्या तयारीने म्हणाली, "दिसत नाही का तुमाले, काका?"

मी म्हणालो, नाही.

सुमती, हा शब्द मी पहिल्यांदा म्हणालो. तिला या उत्तराची सवय नसावी. मग म्हणाली, "मंग चालवून काहून राहिले?" मी सांगितलं, बायको अमरावतीला आहे, रागावून गेली आहे, या गाडीतून न्यायला आलात तरच येईन म्हणाली आहे. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली, गाडीवरच्या हाराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मंग तिले सांगा नं, बसनं येऊन जा म्हणा." पंपावरच्या लोकांनी तिच्या कोपराला हळद लावली, मी तिच्याबरोबर बसून राहिलो. मेथी गोळा करून दिली. ती जाताना म्हणाली, काका, घरी जा. प्रेमानंदला फोन केला, तो येऊन गाडी घेऊन गेला. त्या दिवशी तो 'उद्या' म्हणाला नाही.

आता त्या दाखल्याचं. एजंटने तो आणून दिला होता. कोणत्याही डॉक्टरने माझ्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. मला हे माहीत होतं आणि तरी मी तुला तसं लिहिलं. दाखला फाडून टाकला आहे.

सोमवारी सदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं, हातात बटण दिलं. आत लहान लहान दिवे लागतील, दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो, चांगलं चाललं होतं. मग दिवे यायचे थांबले. मी बराच वेळ वाट पाहिली आणि त्या मुलीला विचारलं, यंत्र बंद पडलं का? ती म्हणाली, "नाही काका, सुरू आहे."

काचबिंदू आहे. डावा डोळा बराचसा गेला, उजव्यालाही सुरुवात आहे. गेलं ते येत नाही, उरलं ते टिकवायचं, रोज थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. गाडी चालवायची नाही. डॉक्टर तरुण होते, त्यांनी हे शेवटचं वाक्य जरा हळू म्हटलं. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्यांनी माझ्याकडे न पाहता कागदावर औषधं लिहिली.

म्हणजे ठेला उभा होता. खांब जागेवर आहे. सौरव खरं बोलत होता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

गाडी पोर्चमध्ये उभी आहे. मला तिचा राग येतो, आणि राग येतो याचा आणखी राग येतो, कारण तिच्यात आता काहीच खोट नाही. रोज चालवावी अशी झाली आहे. प्रेमानंद म्हणतो, "काका, मी चालवतो, तुमी बाजूले बसा, काकूले घेऊन येऊ." शब्दाला धरून चाललं तर तुझी पहिली अट अर्धीमुर्धी पुरी होईल. काल मी त्याच्या शेजारी बसून चौकापर्यंत जाऊन आलो. तो गिअर असा आपटतो की माझे दात शिवशिवले. पण ते जाऊ दे. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून तुला न्यायला यायची मला लाज वाटते, हे खरं कारण आहे.

तेव्हा तुझी अट मी पुरी करू शकत नाही. हे लिहायला मला तीन दिवस लागले. तू एस.टी.ने ये. आलीस तर तुझा हट्ट मोडला असं मी कोणाला सांगणार नाही, मुग्धालाही सांगू नकोस.

आणि आल्यावर गाडी तू चालवायला शीक. हसू नकोस. तू ॲक्टिव्हावर अख्खं नागपूर पालथं घातलं आहेस, सीताबर्डीच्या गर्दीतून पिशव्या लटकवून येतेस, आजवर एक ओरखडा नाही. लर्निंग लायसन्स लगेच निघतं, मी चौकशी केली. क्लच जरा जड आहे, तुझ्या पायाला सवय होईल. सेल्फचा गोळा ओढताना दोनदा खोकते, घाबरायचं नाही. मी बाजूला बसेन. काही बोलणार नाही असं वचन देत नाही, कारण ते मोडेल. पण स्टिअरिंगला हात लावणार नाही. भाजीला, बँकेत, महिन्यातून एकदा सदरला थेंबांसाठी, तू नेशील तिथे येईन.

आणि नाहीच यावंसं वाटलं, तरी ते कार्डावर लिही. नुसतं कार्ड न येणं फार वाईट असतं.

येशील त्या दिवशी कोणत्या गाडीने निघतेस तेवढं कळव. मी ऑटो करून गणेशपेठच्या स्टँडवर येईन आणि फलाटाशी उभा राहीन. तिथे गर्दी असते, मी इकडे तिकडे पाहत असेन आणि कदाचित तुझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करेन. रागावू नकोस. माझ्या उजव्या बाजूने ये, म्हणजे मला दिसशील.

तुझा
गिरिधर